स्वतंत्र गायिका आणि तिच्यामागील समुदाय : आनी डिफ्रँको यांच्या कारकिर्दीचा ऐतिहासिक अभ्यास (१९९०–२०२४)

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेतील लोकप्रिय संगीताच्या क्षेत्रात मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांचे वर्चस्व होते. कोणते गाणे रेडिओवर वाजावे, कोणत्या गायकाचे छायाचित्र नियतकालिकांत यावे आणि कोणता अल्बम दुकानाच्या दर्शनी भागात मांडला जावा, याचे बहुतेक निर्णय सहा मोठ्या कंपन्यांच्या हाती होते. १९९८ मध्ये पॉलिग्राम ही कंपनी युनिव्हर्सलमध्ये विलीन झाली, २००४ मध्ये सोनी व बीएमजी एकत्र आल्या आणि २०१२ मध्ये ईएमआयचे विभाजन झाल्यानंतर या सहांच्या तीन कंपन्या उरल्या. अशा काळात एका तरुण गायिकेने स्वतःची कंपनी काढून, कोणत्याही मोठ्या कंपनीशी करार न करता, तीन दशकांहून अधिक काळ सातत्याने स्वतःची गाणी प्रसिद्ध केली, ही संगीताच्या सामाजिक इतिहासातील लक्षणीय घटना होय. ही गायिका म्हणजे आनी डिफ्रँको. स्त्री व पुरुष या दोहोंविषयीच्या आकर्षणाबद्दल त्यांनी आपल्या गीतांतून आरंभापासूनच मोकळेपणाने लिहिले. त्यामुळे स्वतंत्र व्यवसाय आणि चौकटीबाहेरची लैंगिक ओळख हे दोन्ही विषय त्यांच्या कारकिर्दीत प्रथमपासूनच एकमेकांत गुंतलेले दिसतात.

वृत्तपत्रांनी व नियतकालिकांनी या कारकिर्दीची मांडणी बहुधा एकाच पद्धतीने केली. बलाढ्य उद्योगाशी एकटीने झुंज देणारी आणि अखेर नफा मिळवून दाखवणारी एकाकी वीरांगना, असे त्या मांडणीचे स्वरूप होते. प्रस्तुत शोधनिबंधात या मांडणीची चिकित्सा केली आहे. डिफ्रँको यांचे स्वातंत्र्य खरे होते. मात्र ते एकटीचे नव्हते. स्त्रीवादी व समलिंगी स्त्रियांच्या चळवळीने १९७०च्या दशकात उभारलेल्या वितरणव्यवस्थेच्या पायावर ते उभे राहिले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. डिफ्रँको यांच्या पूर्वी अस्तित्वात असलेल्या स्त्रीसंगीत चळवळीचे स्वरूप समजून घेणे.
२. स्वतंत्र ध्वनिमुद्रण व्यवसायाची आर्थिक रचना स्पष्ट करणे.
३. गायिकेची लैंगिक ओळख व तिच्या श्रोतृवर्गाच्या अपेक्षा यांतील संघर्षाचा विचार करणे.
४. व्यक्तिगत यशाचे संस्थात्मक कार्यात रूपांतर कसे झाले, हे तपासणे.

ऐतिहासिक व वर्णनात्मक अशा दोन्ही पद्धतींचा अवलंब या अभ्यासात केला आहे.

पूर्वपीठिका : स्त्रीसंगीताची चळवळ

१९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्त्रीमुक्तीची नवी लाट आली. या लाटेतील अनेक समलिंगी स्त्रियांना असे जाणवले की, लोकप्रिय गीतांत आपल्या जीवनाचे प्रतिबिंब नाही आणि ध्वनिमुद्रण उद्योगात निर्माती, ध्वनी-अभियंता किंवा वितरक म्हणून स्त्रियांना जवळजवळ प्रवेशच नाही. या जाणिवेतून संस्था उभ्या राहिल्या. हॉली निअर यांनी १९७२ मध्ये रेडवुड रेकॉर्ड्सची स्थापना केली. १९७३ मध्ये वॉशिंग्टन येथे काही स्त्रियांनी एकत्र येऊन ऑलिव्हिया रेकॉर्ड्स ही सामूहिक संस्था काढली. ऑलिव्हियाने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेला क्रिस विल्यमसन यांचा ‘द चेंजर अँड द चेंज्ड’ हा अल्बम त्या काळातील स्वतंत्र ध्वनिमुद्रणांत अत्यंत यशस्वी ठरला.

या अल्बमला रेडिओ किंवा मोठ्या दुकानांचा आधार फारसा नव्हता. निरनिराळ्या शहरांतील कार्यकर्त्या तबकड्यांची खोकी घेऊन स्त्रियांच्या पुस्तकालयांत, कॉफीगृहांत व मेळाव्यांत जात आणि तेथे विक्री करत. हळूहळू या कामाला व्यवस्थेचे रूप आले. मिशिगन राज्यातील गोल्डनरॉड आणि नॉर्थ कॅरोलायनातील लेडीस्लिपर यांसारख्या वितरणसंस्था उभ्या राहिल्या. टपालाने मागणी नोंदवून घरबसल्या तबकडी मिळण्याची सोय झाली. लहान गावात राहणाऱ्या आणि आपली ओळख उघड करू न शकणाऱ्या स्त्रीला तर या टपालाचे मोल शब्दांत सांगण्यापलीकडचे होते. १९७६ पासून मिशिगनमध्ये दरवर्षी स्त्रीसंगीताचा मोठा महोत्सव भरू लागला.

या चळवळीला स्वतःच्या मर्यादाही होत्या. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑलिव्हियाच्या ध्वनी-अभियंत्या सँडी स्टोन या पारलिंगी स्त्री असल्याच्या कारणावरून संस्थेवर चळवळीतूनच टीका झाली आणि स्टोन यांना संस्था सोडावी लागली. मिशिगनच्या महोत्सवातही पारलिंगी स्त्रियांच्या प्रवेशाचा वाद अनेक वर्षे चालला आणि २०१५ मध्ये तो महोत्सव बंद झाला. ‘आपले कोण’ हा प्रश्न या चळवळीत नेहमीच तीव्र होता. पुढे डिफ्रँको यांनाही त्याला सामोरे जावे लागले.

बफेलो ते न्यूयॉर्क : प्रारंभीची वाटचाल

आनी डिफ्रँको यांचा जन्म २३ सप्टेंबर १९७० रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात झाला. एकेकाळी पोलाद व धान्यव्यापार यांमुळे भरभराटीला आलेले हे शहर त्यांच्या बालपणी उतरणीला लागले होते. १९५० मध्ये सुमारे ५ लाख ८० हजार असलेली शहराची लोकसंख्या १९९० मध्ये सुमारे ३ लाख २८ हजारांवर आली. शहरालगतच्या लॅकवॅना येथील बेथलेहेम स्टीलच्या प्रचंड कारखान्यातील पोलादनिर्मिती १९८०च्या दशकाच्या आरंभी थांबली. कारखाने बंद पडलेल्या शहरातील हे बालपण लक्षात घेतल्याशिवाय त्यांनी आपल्या व्यवसायासाठी पुढे बफेलोच का निवडले, याचा उलगडा होत नाही.

वयाच्या नवव्या वर्षी त्यांनी गिटार हाती घेतली आणि स्थानिक गायक मायकेल मेल्ड्रम यांच्या सोबतीने त्या लहान वयातच मद्यालयांत गाऊ लागल्या. वयाच्या पंधराव्या वर्षापासून त्या कुटुंबापासून स्वतंत्र राहू लागल्या. गोंगाट असलेल्या मद्यालयात एकट्या गिटारवर लोकांचे लक्ष वेधून घेण्याच्या गरजेतून त्यांची वादनशैली घडली. बोटांना कृत्रिम नखे चिकटपट्टीने घट्ट बांधून, तारांवर आघात करीत, गिटारमधूनच तालवाद्याचा परिणाम साधण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. न्यूयॉर्क शहरात आल्यावर न्यू स्कूल या शिक्षणसंस्थेत त्यांना कवी सेकू सुंदियाटा यांचे मार्गदर्शन लाभले. कविता मंचावर बोलून सादर करण्याची आफ्रिकन-अमेरिकन परंपरा त्यांना तेथे भेटली.

१९९० मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी आपल्याच नावाचा पहिला अल्बम कॅसेटच्या स्वरूपात काढला. कार्यक्रमानंतर श्रोते गाण्यांची मागणी करीत, ती पुरवण्यासाठी या कॅसेट तयार झाल्या होत्या. गर्भपाताच्या अनुभवावरील एक गीत या पहिल्याच संग्रहात होते. प्रकाशनासाठी त्यांनी जी कंपनी काढली, तिचे नाव काही वर्षांतच ‘रायचस बेब रेकॉर्ड्स’ असे झाले. त्यानंतर ‘नॉट सो सॉफ्ट’ १९९१ मध्ये, ‘इम्परफेक्टली’ १९९२ मध्ये आणि ‘पडल डाइव्ह’ १९९३ मध्ये, असा जवळजवळ वर्षाला एक अल्बम येत राहिला.

स्वतंत्र व्यवसायाची आर्थिक रचना

मोठ्या कंपनीच्या करारात गायकाला प्रथम आगाऊ रक्कम मिळते. ही रक्कम देणगी नसते. ध्वनिमुद्रणाचा व प्रसिद्धीच्या खर्चाचा काही भाग गायकाच्या मानधनाच्या टक्केवारीतून वसूल होतो आणि तो वसूल होईपर्यंत गायकाच्या हाती विक्रीतून काही पडत नाही. शिवाय मूळ ध्वनिमुद्रणाची, म्हणजेच मास्टरची, मालकी बहुधा कंपनीकडे राहते. गायक प्रसिद्ध झाला तरी स्वतःच्या आवाजाचा मालक होत नाही. गायक प्रिन्स यांनी १९९०च्या दशकात वॉर्नर कंपनीशी जो जाहीर झगडा केला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. १९९९ मध्ये प्रिन्स व डिफ्रँको यांनी एकमेकांच्या अल्बममध्ये सहभाग घेतला.

स्वतंत्र कंपनीत खर्च व जोखीम गायकाची असते. मात्र मास्टर त्याच्याच मालकीचा राहतो आणि प्रत्येक प्रतीच्या विक्रीतून त्याला मिळणारा वाटा कितीतरी मोठा असतो. त्यामुळे तुलनेने थोड्या विक्रीवरही निर्वाह होऊ शकतो. खरी अडचण वितरणाची असते. कॅसेट तयार करणे अवघड नव्हते. ती शेकडो मैलांवरच्या श्रोत्यापर्यंत पोहोचवणे अवघड होते.

नेमक्या या ठिकाणी स्त्रीसंगीताची जुनी व्यवस्था उपयोगी पडली. गोल्डनरॉड व लेडीस्लिपर यांच्या यादीत डिफ्रँको यांच्या कॅसेट दाखल झाल्या. स्त्रियांची पुस्तकालये, महाविद्यालयांतील विद्यार्थिनींच्या संघटना आणि लोकसंगीताचे महोत्सव यांनी त्यांना मंच दिला. एका विद्यार्थिनीने कॅसेटची नक्कल करून दुसरीला द्यावी, दुसरीने आपल्या महाविद्यालयात कार्यक्रम ठरवावा आणि त्या कार्यक्रमात आणखी कॅसेट विकल्या जाव्यात, असा हा क्रम होता. १९९०च्या दशकाच्या मध्याला विक्री वाढल्यावर कोच या मोठ्या स्वतंत्र वितरकाशी व्यवस्था झाली आणि अल्बम सर्वसाधारण दुकानांत दिसू लागले. ‘नॉट अ प्रिटी गर्ल’ १९९५ मध्ये आणि ‘डायलेट’ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९७ च्या ‘लिव्हिंग इन क्लिप’ या प्रत्यक्ष कार्यक्रमांवर आधारित दुहेरी अल्बमला पुढे सुवर्ण तबकडीचे प्रमाणपत्र मिळाले. १९९८ चा ‘लिटल प्लॅस्टिक कॅसल’ बिलबोर्डच्या अल्बम-यादीत २२व्या क्रमांकापर्यंत गेला. १९७५ साली खोकी वाहणाऱ्या कार्यकर्त्यांचे नाव या यादीत कोठेही नसते. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने या यादीच्या मागे त्यांचे श्रम पाहणे आवश्यक आहे.

यशाचे मोजमाप : १९९७ चे पत्र

विक्री वाढू लागली तशी अर्थविषयक नियतकालिकेही डिफ्रँको यांच्याकडे वळली. नामवंत गायकांपेक्षा एका प्रतीमागे त्यांना अधिक डॉलर मिळतात, हा हिशेब वारंवार छापला जाऊ लागला. १९९७ मध्ये ‘मिस’ या स्त्रीवादी नियतकालिकाने त्यांचा गौरव केला, त्यातही या हिशेबाला स्थान मिळाले. डिफ्रँको यांनी त्यावर संपादकांना अनावृत पत्र लिहिले. आपली ओळख उद्योजिका म्हणून नव्हे, तर लोकगायिका म्हणून असावी आणि स्त्रीवादी नियतकालिकानेही कलावंताचे मोल डॉलरमध्ये करावे हे खेदजनक आहे, असा त्या पत्राचा आशय होता.

हे पत्र व्यक्तिगत नाराजीपुरते मर्यादित मानता येत नाही. मोठ्या कंपनीला नकार देण्याचे कारणच असे होते की, त्या व्यवस्थेत विक्री हे एकमेव मूल्य ठरते. त्या नकाराचेच कौतुक पुन्हा नफ्याच्या आकड्यांत होऊ लागले, तर नकाराचा अर्थच नाहीसा होतो. कंपनी बफेलोमध्येच ठेवणे, शक्य तेथे छपाई व उत्पादनाची कामे त्याच परिसरातील व्यावसायिकांना देणे आणि लोक गमावत चाललेल्या शहरात रोजगार निर्माण करणे, हे त्यांच्या दृष्टीने यशाचे खरे मोजमाप होते. याच काळात त्यांनी कामगार चळवळीतील ज्येष्ठ गायक व कथनकार युटा फिलिप्स यांच्या कथनांना नवे संगीत देऊन १९९६ मध्ये ‘द पास्ट डिडन्ट गो एनीव्हेअर’ हा अल्बम काढला आणि १९९९ मध्ये ‘फेलो वर्कर्स’ हा दुसरा अल्बम दोघांनी मिळून प्रसिद्ध केला. व्यापारी दृष्टीने या निर्मितीची फारशी गरज नव्हती. परंतु संप व स्थलांतरित मजूर यांची मौखिक स्मृती त्यामुळे नव्या पिढीच्या कानी पडली.

ओळखीचा प्रश्न : श्रोत्यांचा हक्क आणि गायिकेचे स्वातंत्र्य

१९९०च्या दशकाच्या आरंभी मोठ्या कंपन्यांशी करारबद्ध असलेल्या दोन गायिकांनी आपली समलिंगी ओळख जाहीर केली. के. डी. लँग यांनी १९९२ मध्ये ‘द अ‍ॅडव्होकेट’ या नियतकालिकाच्या मुलाखतीतून, तर मेलिसा एथरिज यांनी जानेवारी १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या शपथविधीनिमित्त झालेल्या एका समारंभात. या दोन्ही घोषणा धैर्याच्या होत्या आणि त्यांची मोठी बातमी झाली. बातमी होण्याचे कारण असे की, आधी मौन होते. डिफ्रँको यांच्या बाबतीत तोडण्यासारखे मौनच नव्हते. ‘इम्परफेक्टली’ या १९९२ च्या अल्बममधील ‘इन ऑर आउट’ या गीतात त्यांनी दोनपैकी एका गटात स्वतःला बसवून घेण्यास स्पष्ट नकार दिला होता. प्रतिमा जपण्याचा आग्रह धरणारी कंपनी नसल्यामुळे हे शक्य झाले. अर्थात व्यावसायिक स्वातंत्र्याने येथे अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचे रक्षण केले.

परंतु १९९८ मध्ये त्यांनी एका पुरुषाशी विवाह केला आणि त्यांच्या समलिंगी चाहत्यांपैकी अनेकींना तो विश्वासघात वाटला. या प्रतिक्रियेकडे केवळ संकुचितपणा म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. या स्त्रियांनी कॅसेट विकत घेतल्या, इतरांना दिल्या, कार्यक्रम भरवले. त्यांच्यातील कित्येकींना त्या गाण्यांतूनच आपण एकट्या नसल्याचा पहिला दिलासा मिळाला होता. त्या काळी विवाहाचा कायदेशीर अधिकार त्यांना स्वतःला अमेरिकेच्या कोणत्याही राज्यात नव्हता. मॅसॅच्युसेट्सने तो २००४ मध्ये प्रथम दिला आणि संपूर्ण देशात तो २०१५ मध्ये मिळाला. आपल्याला नाकारलेल्या दारातून आपली गायिका आत जाते आहे, हे दृश्य त्यांना सहजी स्वीकारता आले नाही.

दुसऱ्या बाजूने पाहता, डिफ्रँको यांनी आपली भूमिका बदलली नव्हती. दोन्हींपैकी एकाच बाजूला उभे राहण्यास त्यांनी १९९२ मध्ये जो नकार दिला होता, तोच १९९८ मध्ये कायम होता. श्रोत्यांनी त्या नकाराचा सोयीचा अर्धा भाग ऐकला होता, एवढेच. कंपनीला गायकाची विक्रीयोग्य प्रतिमा हवी असते, तर समुदायाला विश्वासाची खूण हवी असते. हेतू पूर्णतः भिन्न असले तरी दोघांकडूनही गायकावर एकच ओळख लादली जाण्याचा धोका असतो. पहिल्या धोक्यापासून स्वतःची कंपनी संरक्षण देऊ शकली. दुसऱ्या धोक्यावर मात्र कोणतीही व्यावसायिक तरतूद उपयोगी नव्हती. तेथे गाणे सुरू ठेवणे आणि श्रोत्यांपैकी कोण टिकते हे पाहणे, एवढाच मार्ग होता. बहुसंख्य श्रोते टिकले, हे पुढील दोन दशकांच्या सातत्यपूर्ण कार्यक्रमांवरून दिसते. १९९८ चा हा विवाह २००३ मध्ये संपुष्टात आला.

व्यक्तीकडून संस्थेकडे

डिफ्रँको यांच्या कारकिर्दीचा दुसरा टप्पा संस्थात्मक आहे. रायचस बेब रेकॉर्ड्सने इतर कलावंतांचेही अल्बम काढले. त्यांत कवी सेकू सुंदियाटा, व्हायोलिनवादक व गायक अँड्र्यू बर्ड आणि गीतकार-गायिका अनाइस मिचेल यांचा समावेश होतो. ज्या शिक्षकाकडून शब्द मंचावर कसा बोलावा हे शिकले, त्याच शिक्षकाचा अल्बम २००० मध्ये आपल्या कंपनीतून काढणे, हा ऋणनिर्देशाचा एक अर्थपूर्ण प्रकार म्हणावा लागेल.

मिचेल यांच्या ‘हेडिसटाउन’चे उदाहरण अधिक बोलके आहे. ऑर्फियस व युरिडिसी या ग्रीक कथेवर आधारित हे संगीतनाट्य २००६ मध्ये व्हरमाँट राज्यात स्थानिक पातळीवर सादर झाले होते. २०१० मध्ये त्याचा अल्बम रायचस बेबने प्रसिद्ध केला आणि त्यात पर्सेफनीची भूमिका डिफ्रँको यांनी गायली. २०१९ मध्ये ते ब्रॉडवेवर आले आणि त्याला सर्वोत्कृष्ट संगीतनाट्यासह ८ टोनी पुरस्कार मिळाले. २०२४ मध्ये, त्रेपन्न वर्षांच्या डिफ्रँको ब्रॉडवेच्या रंगमंचावर तीच भूमिका करू लागल्या. मोठ्या व्यवस्थेला न दिसलेली कलाकृती लहान व्यवस्थेने जतन केली आणि नऊ वर्षांनी ती मुख्य प्रवाहात पोहोचली.

बफेलोतील १९व्या शतकातील एक भव्य मेथडिस्ट चर्च १९९०च्या दशकात जीर्ण होऊन पाडले जाण्याच्या बेतात होते. डिफ्रँको व त्यांचे व्यवस्थापक स्कॉट फिशर यांनी ते घेऊन त्याचा जीर्णोद्धार केला. कंपनीचे कार्यालय, सभागृह आणि हॉलवॉल्स ही समकालीन कलासंस्था तेथे आली. ‘बेबव्हिल’ या नावाने ती वास्तू ओळखली जाऊ लागली.

मर्यादा आणि उत्तरदायित्व

या कारकिर्दीचा आलेख सर्वत्र चढता नाही. डिसेंबर २०१३ मध्ये डिफ्रँको यांचे एक गीतलेखन शिबिर लुईझियानातील नॉटोवे प्लँटेशन येथे होणार असल्याचे जाहीर झाले. गुलामगिरीच्या काळातील मळ्याची ही जागा निवडल्याबद्दल, विशेषतः कृष्णवर्णीय स्त्रीवाद्यांकडून, तीव्र निषेध झाला. शिबिर रद्द करण्यात आले. परंतु त्यासोबतचे पहिले निवेदन बचावात्मक असल्याची टीका झाली आणि नंतर त्यांना स्पष्ट शब्दांत माफी मागावी लागली. १९९८ मधील व २०१३ मधील नाराजी एका मापाने मोजता येत नाही. पहिल्या प्रसंगी प्रश्न गायिकेच्या खासगी निवडीचा होता, दुसऱ्या प्रसंगी इतिहासातील अन्यायाविषयीच्या सार्वजनिक जबाबदारीचा. समुदायाचा कलावंतावर हक्क कोठवर असतो, याचे उत्तर या दोन प्रसंगांतील फरकात सापडते. कलावंताने कोणावर प्रेम करावे हे समुदायाला ठरवता येत नाही, मात्र कलावंत कोणत्या भूमीवर मंच उभारतो याचा जाब समुदाय विचारू शकतो.

निष्कर्ष

१. डिफ्रँको यांच्या स्वतंत्र कारकिर्दीचा आरंभ १९९० मध्ये झाला असला तरी तिची वितरणव्यवस्था १९७०च्या दशकातील स्त्रीसंगीत चळवळीने घडवलेली होती.
२. मास्टरची मालकी स्वतःकडे ठेवल्यामुळे लैंगिकता, गर्भपात व श्रम यांसारख्या विषयांवर कोणाच्याही अनुमतीशिवाय गाणे त्यांना शक्य झाले.
३. व्यावसायिक स्वातंत्र्य कंपनीच्या दबावापासून संरक्षण देते. समुदायाच्या अपेक्षांपासून मात्र देऊ शकत नाही.
४. व्यक्तिगत यशातून संस्था उभ्या राहिल्या, तेव्हाच त्या यशाचा लाभ पुढील कलावंतांपर्यंत पोहोचला.

ऑलिव्हिया रेकॉर्ड्सच्या नावाचा वारसा पुढे एका प्रवासी संस्थेकडे गेला आणि मिशिगनचा महोत्सवही आता भरत नाही. कॅसेटची देवघेव करणारी पिढी प्रौढ झाली आहे. गाणे आता क्षणात जगभर पोहोचते, त्यामुळे वितरणाचा प्रश्न सुटला असे वाटू शकते. तथापि त्या काळी एक कॅसेट दुसरीच्या हाती देताना जो परिचय, विश्वास व धोका यांचा व्यवहार होत असे, तो तंत्रज्ञानाने आपोआप होत नाही. स्वतंत्र गायिकेचा इतिहास लिहिताना तिच्या अल्बमच्या यादीसोबत, तो अल्बम हातोहात पुढे नेणाऱ्या अनाम स्त्रियांची नोंद घेतली गेली, तरच तो इतिहास पूर्ण म्हणता येईल.